२७ टक्के फॅट, 'बायकांसाठी सेफ' गोळी आणि चुकलेली पाळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २८, वजन ६४ किलो, चार वर्षं पॉवरलिफ्टिंग, ६९ च्या कॅटेगरीत उतरता, स्क्वाट १०० आणि डेडलिफ्ट १२५. जिममधल्या मशीनवर फॅट २७ टक्के आलं, कोच म्हणाला १६ वर आण आणि १४०० कॅलरीचा डाएट दिला. तीन महिन्यांत वजन फारसं हललं नाही, स्क्वाट मात्र घसरला. आता जिममधल्या एका सीनियर ताईंनी ऑक्सँड्रोलोन हे स्टिरॉइड सुचवलंय, "बायकांसाठी सेफ आहे, फॅट जातं आणि ताकद राहते" असं सांगून. तुमचे प्रश्न दोन, १६ टक्के आणि ताकद हे नॅचरली जमतं का, आणि स्पर्धेत दिसणाऱ्या त्या पोटावर रेषा असलेल्या, अगदी कमी फॅटच्या मुली सगळ्या काहीतरी घेतात का.

पण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकलीये: "पाळी दोन महिने आली नाहीये पण स्ट्रेसमुळे असेल". माझ्यासाठी खरा प्रश्न तिथून सुरू होतो, फॅट आणि गोळी दोन्ही त्याच्या नंतर.

आधी तो २७ चा आकडा बघू. पायाखाली प्लेट आणि हातात दांडा असलेलं मशीन फॅट मोजतच नाही, ते अंगातून बारीक करंट सोडून अडथळा मोजतं आणि मग उंची, वजन, वय वगैरे घालून एका सूत्रातून फॅटचा अंदाज काढतं. पाणी कमी प्यायलात, आदल्या दिवशी जड ट्रेनिंग झालं, पाळीच्या आधी अंगात पाणी साठलं, आकडा बदलला. तीन-चार टक्के इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. डेक्सा स्कॅन (एक्स-रेने फॅट मोजणारा) त्यापेक्षा बरा पण त्यालाही चूक असतेच, आणि कॅलिपरने चिमटा घेऊन मोजणं तेव्हाच कामाचं जेव्हा दर वेळी तोच माणूस त्याच जागी मोजतो. म्हणजे तुमचे २७ हे खरे २३ असू शकतात किंवा ३० पण. या आकड्यावर डाएट बेतणं मला पटत नाही, आणि औषध घेणं तर नाहीच नाही.

तरी क्षणभर तो आकडा खरा धरू. ६४ किलोत २७ टक्के म्हणजे साधारण १७ किलो फॅट आणि ४७ किलो बाकी सगळं. हे ४७ किलो जसंच्या तसं ठेवून १६ टक्क्यांवर जायचं तर वजन साडेपंचावन्न किलोच्या आसपास येतं. साडेआठ किलो, आणि तेही निव्वळ फॅट, जे प्रत्यक्षात कधीच होत नाही, सोबत थोडं स्नायू जातंच. तुम्ही ६९ च्या कॅटेगरीत उतरता हो! आधीच पाच किलो हलक्या आहात. कोचने हा हिशेब केलाय का ते त्यांना एकदा विचारा, कारण ६४ च्या लिफ्टरला साडेपंचावन्नवर आणून ६९ मध्ये कशासाठी उतरवायचं हे मला खरंच कळलेलं नाही. मला वाटतं १६ हा आकडा फिटनेस स्पर्धांच्या जगातून उचललाय. प्लॅटफॉर्मवर तीन पंच बसतात, ते स्क्वाटची खोली बघतात आणि डेडलिफ्टला गुडघे लॉक झाले का बघतात, पोटावर किती रेषा आहेत याला कोणी पांढरा दिवा (लिफ्ट पास झाल्याची खूण) देत नाही.

बायकांच्या शरीरात फॅटचा एक भाग असा असतो की जो निव्वळ जगण्यासाठी आणि प्रजननासाठी लागतो, साधारण १० ते १३ टक्के धरतात, पुरुषांत तो २ ते ५. खेळाडू बायका बहुतेक १४ ते २० मध्ये धरल्या जातात, पण हा सगळ्या खेळांचा ढोबळ पट्टा आहे, त्यात लांब पळणाऱ्या पण आल्या. वजन उचलणाऱ्यांचं चित्र वेगळं असतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टिंगच्या ८७ किलोवरच्या गटात चीनच्या ली वेनवेनने एकूण ३२० किलो उचललं, तिचं स्वतःचं वजन दीडशे किलोच्या आसपास. हलक्या गटांत लिफ्टर सडपातळ दिसतात कारण तिथे दर किलोमागे स्नायू जास्त हवेत, एवढंच कारण. म्हणून फॅट किती असावं हे तुमचा गट, उंची, घरातली ठेवण, वय आणि आधी खाण्याचे काही विकार होते का यावर ठरतं. मी वर्षानुवर्षं मुलींना लिफ्टिंग शिकवतेय, काही जणी १८ वर मजेत असतात, पाळी वेळेवर, झोप छान. आणि काहींची २३ च्या खाली गेल्या की गाडी अडते. कोण कुठे अडणार हे आधी सांगता येत नाही, शरीर सांगतं तेव्हाच कळतं.

तुमचं शरीर सांगतंय. १४०० कॅलरी, त्यातून ट्रेनिंगचे साधारण ३०० गेले, उरले ११००. ते ४७ किलोने भागा, किलोमागे २३-२४ कॅलरी आल्या. स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये याला एनर्जी अव्हेलेबिलिटी म्हणतात, आणि ३० च्या खाली दिवसेंदिवस राहिलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हार्मोनचा सिग्नल मंद होतो असं प्रयोगांत दिसलंय. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कोणाला ३२ ला त्रास होतो, कोणी २६ ला पण तगून जातं. सगळं व्यवस्थित चालायला ४५ च्या आसपास हवं असं मानतात, म्हणजे तुमच्यासाठी ट्रेनिंग धरून २४०० कॅलरीच्या जवळपास. तुम्ही हजार कॅलरीने खाली आहात, आणि तेही तीन महिने. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या सगळ्याला रेड-एस असं नाव दिलंय. त्यात पाळी जाते, हाडं कमकुवत होतात, थायरॉइडचं टी-३ हार्मोन खाली येतं, थंडी वाजते, झोप बिघडते, चिडचिड होते आणि ताकद घसरते. वजन हलत नाही याचं कारणही थोडंफार यातच असतं, शरीर खर्च कमी करतं आणि ताणामुळे पाणी धरून ठेवतं. म्हणून "अजून कमी खा" हे उत्तर इथे उलटं पडतं.

पाळी जाण्याची इतरही कारणं असतात, गर्भधारणा, थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन हार्मोन, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा विकार), त्यामुळे आधी टेस्ट आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञ, हे माझ्या उत्तरावर सोडू नका. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्यांच्यावर जो रक्तस्राव येतो ती खरी पाळी नव्हे, तेव्हा "माझं तर नियमित आहे" यावर विसंबू नका.

आता ताईंच्या गोळीकडे. मुलगी कमी खाते, स्वतःची हार्मोन्स पडतात, ताकद जाते, स्नायू सपाट दिसायला लागतात आणि नेमकं तेव्हा कोणीतरी गोळी पुढे करतं. डाएटने खणलेला खड्डा गोळीने बुजवायचा असा प्रकार आहे हा. फरक दिसतो हे खोटं नाही. बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन लिटरमागे साधारण ०.१ ते १.८ नॅनोमोल असतं, पुरुषांत ७.७ ते २९. म्हणजे बाईला थोडंसं दिलं तरी तिच्या मानाने उडी मोठी होते. स्वीडनमध्ये एक नीट केलेला प्रयोग आहे, ४८ निरोगी तरुण बायका, अर्ध्यांना १० आठवडे टेस्टोस्टेरॉनचं क्रीम, अर्ध्यांना साधं. क्रीमवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन ०.९ वरून ४.३ वर गेलं, लीन मास (फॅट सोडून बाकीचं वजन) सरासरी ९०० ग्रॅमच्या वर वाढलं, दुसऱ्या गटात जेमतेम १३५ ग्रॅम, आणि दमेपर्यंत पळण्याचा वेळ साडेआठ टक्क्यांनी वाढला. लक्षात घ्या, ४.३ म्हणजे पुरुषांच्या खालच्या पातळीच्याही खाली. तेवढ्याने हे झालं. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात स्नायूंच्या ताकदीत ठळक फरक दिसला नाही, म्हणजे "गोळी घेतली की स्क्वाट परत येईल" हे पण इतकं सरळ नाही. जिममध्ये घेतात ते डोस यापेक्षा बरेच मोठे असतात ही गोष्ट वेगळी, आणि तोटेही त्याच प्रमाणात.

"बायकांसाठी सेफ" हे कुठून आलं ते सांगते. अशा औषधांचं एक गुणोत्तर काढतात, स्नायू किती वाढवतं आणि पुरुषी लक्षणं किती आणतं याचं. हे गुणोत्तर वृषण काढलेल्या उंदरांच्या एका स्नायूवर आणि प्रोस्टेटवर मोजलेलं आहे. ऑक्सँड्रोलोनचं उंदरांत चांगलं आलं. उंदराचा आवाज कोणी ऐकत बसलं नव्हतं! पुढे भाजलेल्या रुग्णांना आणि टर्नर सिंड्रोमच्या (जन्मजात विकारामुळे उंची खुंटलेल्या) मुलींना डॉक्टरांच्या देखरेखीत ते दिलं गेलं, आणि तिथेही डोस वाढला की पुरुषी लक्षणं दिसलीच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) त्याची मान्यता काढून घेतली. म्हणजे बाजारात या नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं चोरट्या लॅबचं, आणि अशा मालात डब्यावर एक नाव आणि आत भलतंच स्टिरॉइड हा प्रकार अजिबात दुर्मीळ नाही. ऑक्सँड्रोलोन महाग पडतं, मिथँडिनोन किंवा स्टॅनोझोलॉल स्वस्त, आता विकणारा काय करेल तुम्हीच सांगा. ताईंना सेफ गेलं असेलही, पण ताईंनी नेमकं काय गिळलं हे ताईंनाही माहीत नसेल.

परिणामांत एक भेद नीट समजून घ्या. मुरुम, तेलकट त्वचा, रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल पडणं, लिव्हरचे आकडे वर जाणं, पाळी बंद होणं, हे बहुतेक वेळा बंद केल्यावर हळूहळू सावरतं. आवाज जाड होणं आणि क्लिटोरिस मोठं होणं हे बहुतेक परत येत नाही. अंगावरचे केस आणि डोक्यावरचे विरळ झालेले केस मधे कुठेतरी. आवाजाची सुरुवात अशी होते की घसा बसल्यासारखा वाटतो, सारखं खाकरावं लागतं, वरचा सूर लागत नाही, आणि सगळ्या जणी म्हणतात सर्दी झालीये. स्वरतंतू जाड झाले की गोळी थांबवून ते पातळ होत नाहीत. आणि त्या काळात दिवस राहिले तर पोटातल्या मुलीवर परिणाम होऊ शकतो, पाळी बंद आहे म्हणजे गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये.

तुमच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, तीच मला सगळ्यात जास्त खटकते. स्टिरॉइडनेही पाळी बंद होते. आत्ता तुमच्याकडे एक धोक्याची घंटा आहे जी सांगतेय खाणं कमी पडतंय, गोळी सुरू केली की ती घंटा कशामुळे वाजतेय हेच कळेनासं होणार. शिवाय ऑक्सँड्रोलोनचं शरीरात इस्ट्रोजेन होत नाही, म्हणजे उपाशी राहून जे इस्ट्रोजेन पडलंय ते पडलेलंच राहतं. आरशात सगळं झकास, आणि आत भूक तशीच चालू.

ज्या मुली फॅट बर्नर किंवा क्लेनब्युटेरॉलकडे वळतात त्यांच्यासाठी दोनच ओळी. क्लेनने हात थरथरतात, छाती धडधडते, पोटॅशियम पडतं, आणि ते स्पर्धेत असो नसो कायम बंदी असलेल्या यादीत आहे. थायरॉइडच्या टी-३ गोळ्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत नाहीत म्हणून लोकांना निरुपद्रवी वाटतात, पण त्या फॅटसोबत स्नायूही खातात, मग स्नायू वाचवायला स्टिरॉइड, आणि अशी एकीला दुसरी चिकटत जाते. डीएनपी या फॅट जाळायला विकल्या जाणाऱ्या विषारी रसायनाने माणसं मेलीयेत, त्यावर चर्चाच नको.

दुसरा प्रश्न, त्या मुली घेतात का. खरं सांगू, फोटो बघून मला सांगता येत नाही, आणि ज्या छातीठोक सांगतात त्यांनाही येत नाही. लंडन २०१२ मध्ये वेटलिफ्टिंगच्या महिला ६३ किलो गटात सुवर्ण आणि रौप्य मिळवलेल्या दोघींचे नमुने तेव्हा स्वच्छ ठरले होते. काही वर्षांनी तेच साठवलेले नमुने नव्या पद्धतीने तपासले तेव्हा स्टिरॉइड सापडलं, आणि तिसरी आलेल्या कॅनडाच्या क्रिस्टीन जिरार्डला २०१८ मध्ये सुवर्ण मिळालं. जगातल्या चांगल्या लॅबला जे त्या दिवशी दिसलं नाही ते मला मोबाइलवर काय दिसणार?

आणि कमी फॅट म्हणजे औषध हे समीकरण तर मुळातच चुकीचं. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनेखाली ओरल-ट्यूरिनाबॉल हे स्टिरॉइड खेळाडूंना दिलं जायचं, बर्लिनची भिंत पडल्यावर ती कागदपत्रं बाहेर आली, आणि त्यांच्याच शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं की फायदा सगळ्यात जास्त बायकांना होतो. त्यात गोळाफेक करणाऱ्या पण होत्या, चांगल्या भरलेल्या अंगाच्या, पोटावर एक रेषा नाही. उलट स्टेजवर १२-१३ टक्क्यांना उभी असलेली एखादी मुलगी पूर्ण नॅचरल असू शकते, फक्त ती तशी आठवडाभरच असते. फिनलंडच्या फिटनेस स्पर्धक बायकांवरचा २०१७ चा अभ्यास आहे, चारेक महिन्यांच्या डाएटमध्ये त्या सरासरी २३ वरून १३ टक्क्यांवर आल्या, लेप्टिन (फॅटमधून येणारं हार्मोन), इस्ट्रोजेन, टी-३, टेस्टोस्टेरॉन सगळं पडलं, आणि स्पर्धेनंतर तीन-चार महिने नीट खाल्ल्यावर फॅट आणि बरीचशी हार्मोन्स परत आली, टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन मात्र तेव्हाही पूर्ण सावरलं नव्हतं. तुम्ही जे फोटो बघता ते त्या एका आठवड्यात काढलेले असतात आणि वर्षभर टाकले जातात.

मला शंका येते ती वेगळ्या ठिकाणी. वर्षाचे बारा महिने १३-१४ टक्के, सोबत भरलेले खांदे, आणि दर महिन्याला नवीन पीआर (स्वतःचा विक्रम), हे तिन्ही एकत्र. यातलं कुठलंही एक नॅचरली जमतं, कधी दोन पण, तिन्ही वर्षभर टिकणं अवघड. तरी हा अंदाजच. पीसीओएस असलेल्या काहींचं टेस्टोस्टेरॉन मुळातच वर असतं, चेहऱ्यावर केस येतात, आणि त्यांच्यावर लोक विनाकारण बोटं दाखवतात, ते बघून मला फार राग येतो. बॉडीबिल्डिंगमध्ये तर परीक्षकांनाच काय हवं ते ठरत नव्हतं, आयएफबीबी या बॉडीबिल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ च्या शेवटी महिला स्पर्धकांना पत्र काढून स्नायू २० टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं होतं. २० टक्के कुठून मोजायचे देव जाणे. तात्पर्य, त्या जगाच्या मापाने स्वतःला मोजू नका.

मग नॅचरली तुम्हाला काय जमेल? १६ टक्के आणि चढता स्क्वाट, दोन्ही एकाच वेळी, माझ्या अनुभवात बहुतेकींना जमत नाही. २१-२२ च्या आसपास आणि चढता स्क्वाट, हे बऱ्याच जणींना जमतं, पण सावकाश. बायकांचे स्नायू नॅचरली वाढत नाहीत ही पण एक अफवाच, टक्केवारीत बघितलं तर नीट ट्रेनिंगला बायकांचे स्नायू पुरुषांइतकेच वाढतात, सुरुवात कमी स्नायूंपासून होते इतकंच.

मी तुमच्या जागी असते तर डाएट आजच थांबवला असता. एकदम २४०० ला भीती वाटत असेल तर दर आठवड्याला २०० कॅलरी वाढवा, त्यात भात, पोळी, बटाटा काहीही, कार्बला घाबरू नका. प्रोटीन १०० ते १४० ग्रॅम पुरे. पहिल्या दोन आठवड्यांत काटा दीड-दोन किलो वर जाईल, ते बहुतांश पाणी आणि ग्लायकोजेन (स्नायूंत साठलेली साखर) असतं, तिथे घाबरून परत उपाशी राहू नका, मुली सगळ्यात जास्त तिथेच गळतात. ट्रेनिंग पाचाचे चार दिवस करा. पाळी परत येऊन तीन चक्रं सुरळीत जाईपर्यंत फॅटचा विषयच काढायचा नाही, याला कधी दोन महिने लागतात, कधी सहा. त्यानंतरही बारीक व्हावंसं वाटलं तर स्पर्धा लांब असताना, आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपास, फार तर दहा-बारा आठवडे, आणि मोजायला मशीनऐवजी कमरेचा टेप, लॉगबुक आणि कॅलेंडर. वाटलं तर ६३ मध्ये उतरा, तुम्ही एक किलोच लांब आहात, त्यासाठी साडेआठ किलो जाळायची काय गरज.

तरीही गोळी घ्यायचीच ठरवलीत तर तुम्ही सज्ञान आहात, मी भांडत बसणार नाही. पण मग टेस्टेड (डोपिंगची चाचणी होणाऱ्या) स्पर्धेत उतरू नका, शेजारच्या मुलीवर तो अन्याय आहे. गर्भनिरोधक वापरा, लिव्हर आणि लिपिडच्या टेस्ट आधी आणि मधे करा, डॉक्टरांना खरं सांगा, आणि दर आठवड्याला फोनवर तोच परिच्छेद वाचून आवाज रेकॉर्ड करा, खरखर आली तर त्याच दिवशी बंद. पाळी नसताना, उपाशीपोटी, या अवस्थेत मात्र नकोच.

कोचशी बोलताना फॅटवरून वाद घालू नका. पाळी बंद आहे हे स्पष्ट सांगा आणि पुढे काय करायचं ते विचारा. उत्तर "चालतं, सगळ्यांचं होतं" असं आलं तर दुसरा कोच बघा. या आठवड्यात प्रेग्नन्सी टेस्ट, टीएसएच, प्रोलॅक्टिन, फेरिटिन आणि व्हिटॅमिन डी करून घ्या, रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्या काय म्हणाल्या ते इथे लिहा, सोबत मागच्या दोन आठवड्यांत खरोखर काय खाल्लं तेही. मग ट्रेनिंगचे चार दिवस कसे लावायचे ते बघू.